ढेकूण : ऊन वापरा, शेतातलं औषध नको

केळापूर तालुका कापसाचा. घरोघरी कीटकनाशकाची बाटली असते, आणि ढेकूण झाले की हात तिच्याकडे जातो. हे अजिबात करू नका. २०१७ साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २०हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेही उघड्या शेतात. बंद खोलीत, लेकरं झोपतात त्या गादीवर तेच विष किती घातक ठरेल! शिवाय अनेक ढेकूण आता नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत.

उष्णतेपुढे मात्र त्यांचं काही चालत नाही. ४८ अंश तापमान दीड तास टिकलं, तर ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. आपल्या तालुक्याचं मे महिन्यातलं ऊन इथे कामी येतं. नुसती गादी वाळत घातली तर ढेकूण सावलीकडे सरकतात. म्हणून कपडे, चादरी काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत पातळ पसरून, तोंड बांधून भर दुपारी तापवा. बाजेच्या सांध्यांत, खाचांत उकळतं पाणी ओता. अंडी साधारण ६ ते १० दिवसांत फुटतात, म्हणून आठवड्याने पुन्हा ओता. भिंतीच्या भेगा बुजवा. ढेकूण उपाशीपोटी महिनोन्‌महिने तग धरतो, खोली रिकामी ठेवून तो जात नाही.