शिरूरचे एक पोते, दौंडची आठ पोती

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने पिकांना द्यावयाच्या खतांची जी प्रमाणे ठरवून दिली आहेत, त्यांतील दोन आकडे शेजारी शेजारी मांडून पाहण्याजोगे आहेत. कोरडवाहू रब्बी ज्वारीस, जमिनीच्या मगदुराप्रमाणे, हेक्टरी ४० ते ६० किलो नत्र. आणि आडसाली उसास हेक्टरी ४०० किलो नत्र. हे सर्व नत्र युरियाच्या रूपाने द्यावयाचे म्हटले, तर ज्वारीच्या एकरास ४५ किलोचे एक पोते पुरते. उसाच्या एकरास जवळजवळ आठ पोती लागतात. पहिला हिशेब शिरूर तालुक्याच्या जिरायतीचा, दुसरा दौंड तालुक्यातील कालव्याखालच्या मळ्यांचा. दोन्ही तालुके एकमेकांस लागून आहेत. मध्ये काय ती भीमा नदी. पाऊसही दोहोंवर सारखाच तुटपुंजा, सालीना ५०० मिलिमीटरच्या आसपास. शिरूरच्या काही भागांत आता घोड व चासकमान ह्या धरणांचे पाणी आले आहे, आणि दौंड तालुक्यातही कालवा न पोहोचलेली माळरानाची गावे आहेतच. तेव्हा ही विभागणी काटेकोर न समजता सोयीची समजावी.

शहरात बसून शेतीविषयी बोलणाऱ्या आपल्यासारख्यांची एक ठाम समजूत असते, की शेतकरी अडाणी आहे. त्यास खत कसे व किती घालावे हे सांगणारा कोणी भेटला की त्याचे उत्पन्न दुप्पट होईल. ही समजूत फार जुनी आहे, आणि ती खोडून काढणारेही जुनेच आहेत. १८८९ साली ब्रिटिश सरकारने डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर ह्या रसायनशास्त्रज्ञास हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करण्यास पाठविले. त्याचा अहवाल १८९३ साली प्रसिद्ध झाला. येथील उत्तम शेतकरी इंग्लंडातील सामान्य शेतकऱ्याहून कोठेही उणा नाही, काही बाबतींत तर सरसच आहे, असे त्याने स्पष्ट लिहिले. शेण चुलीत का जाते, ह्याचे उत्तरही त्याने दिले: सरपणास लाकूड मिळत नाही म्हणून. दोष अज्ञानाचा नसून जळणाचा होता.

व्होल्करनंतर आलेले डॉ. हॅरल्ड मॅन हे पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे प्राचार्य होते व पुढे मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याचे प्रमुख झाले. त्यांनी पुण्याजवळचे पिंपळे सौदागर हे गाव निवडून त्याची घरोघर पाहणी केली व १९१७ साली ती छापली. आज तेथे उंच इमारती उभ्या आहेत. त्या वेळी १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली त्यांना आढळली. परंतु हे गाव शहराला लागून. म्हणून दुसऱ्या पाहणीसाठी त्यांनी व त्यांचे सहकारी एन. व्ही. कानिटकर यांनी शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक हे निव्वळ पावसावर जगणारे गाव घेतले. तिचे पुस्तक १९२१ साली निघाले. घराघराचा जमाखर्च मांडल्यावर जे दिसले ते उदास करणारे होते. बहुसंख्य कुटुंबांची तोंडमिळवणी केवळ शेतीच्या उत्पन्नावर होत नव्हती. कर्जाचे व्याज भागवून हाती उरणे तर दूरच. ह्याच तालुक्यातील कर्डे गावी १८७४ साली सावकार व ऋणको यांच्यातील वैर विकोपास जाऊन सावकारावर बहिष्कार पडला होता, आणि पुढल्या वर्षी सुप्यापासून दख्खनचे दंगे पेटले, हे इतिहासाच्या वाचकांस ठाऊकच आहे. अशा माणसास ‘खत विकत घ्या’ असे सांगणे म्हणजे ‘आणखी थोडे कर्ज काढा’ असेच सांगणे होते.

कोरडवाहू शेतीचे संशोधनही पुण्याच्याच परिसरात सुरू झाले. १९२३ साली मांजरीस व्ही. ए. ताम्हणे यांनी प्रयोग आरंभले, आणि १९३३ पासून सोलापूर व विजापूर येथे ते मोठ्या प्रमाणावर चालले. त्यांतून जी पद्धती सिद्ध झाली ती ‘मुंबई कोरडवाहू पद्धती’ म्हणून ओळखली जाते. बांध घालून पाणी अडवावे, काही वर्षांआड खोल नांगरट करावी, शेणखत घालावे, बी थोडे व पाभरीच्या ओळी रुंद ठेवाव्यात, आणि कोळपणी वारंवार करावी. सल्ला खरा होता. त्याने उत्पन्न वाढतही असे, पंधरा-वीस टक्क्यांनी. पण मूळ उत्पन्न हेक्टरी दोनशे ते चारशे किलो! त्यावर पंधरा-वीस टक्के म्हणजे एकरी बारा ते बत्तीस किलो धान्य. एवढ्यासाठी बांधाची मजुरी, नांगरटीचे बैल आणि गाड्यांनी शेणखत ही सारी तरतूद करावयाची. पद्धतीचा प्रसार म्हणावा तसा झाला नाही, ह्याचे खापर शेतकऱ्याच्या आळसावर फोडणारे पुष्कळ निघाले. बत्तीस किलोंचा हिशेब मात्र थोड्यांनीच केला.

जिरायतीतील खताचा प्रश्न मुळात ओलाव्याचा आहे. रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. नंतर पाऊस बहुधा नाहीच. जमिनीच्या पोटात साठलेल्या ओलीवर पीक निघावयाचे. अशा वेळी वर फेकलेले खत कोरड्या मातीत तसेच पडून राहते. मुळे तेथे येत नाहीत, आणि खत मुळांकडे जाण्यास पाणी नाही. युरियाचे तर आणखी वाईट. आपल्या काळ्या जमिनी क्षारधर्मी, उन्हाचा ताव. उघड्यावरील युरियाचा बराचसा अंश अमोनिया होऊन हवेत उडून जातो. उपाय साधा आहे. दोन चाड्यांची पाभर घ्यावयाची. एका चाड्यातून बी, दुसऱ्यातून खत, आणि खत बियांच्या खाली ओलीत पडले पाहिजे. म्हणजे एका पोत्याचे यश पोत्यात नसून पाभरीत आहे. ज्या शेतकऱ्याजवळ ती पाभर नाही किंवा वेळेवर भाड्याने मिळत नाही, त्याने ‘खताचा काही गुण येत नाही’ असे म्हटले तर तो अनुभवाचेच बोल बोलत असतो. खत पोहोचविणारी यंत्रणा गावोगाव झाली; पाभर पोहोचविणारी तितकी झाली नाही.

आता नदी ओलांडून दौंडकडे वळू. येथे कालवा आला तेव्हाच शेतीचा सारा मामला पालटला. खडकवासल्याच्या धरणाचे काम १८६९ साली सुरू झाले, आणि मुठेच्या उजव्या कालव्याने पुढे हवेली, दौंड व इंदापूर ह्या तालुक्यांत ऊस नेला. उसाला खत भरपूर लागते, आणि घातले की त्याचा गुण डोळ्यांस दिसतो. म्हणून येथे प्रचारकाची फारशी गरज पडली नाही. १८८० नंतरच्या दशकात पुणे नगरपालिका शहरातील मैला राखेत मिसळून सोनखत करू लागली. आरंभी त्यास कोणी शिवेना. पण उसावर त्याचा परिणाम दिसताच मळेवाल्यांकडून मागणी येऊ लागली. व्होल्करनेही आपल्या अहवालात ह्या खताची दखल घेतली आहे. (ते तयार करण्याचे काम ज्यांच्या माथी मारले होते, त्यांची आठवण मात्र त्या काळच्या लिखाणात क्वचितच येते.) एरंडीची पेंड, करडईची पेंड, अमोनियम सल्फेट असे एकेक पुढे येत गेले, आणि शेवटी युरिया आला.

अतिरेकाचा धोका ह्याच भागातील माणसांनी प्रथम ओळखला होता, हे विशेष. मॅन व ताम्हणे यांनी १९१० साली नीरेच्या खोऱ्यातील खारावलेल्या जमिनींविषयी पुस्तिका लिहिली. कालवा येऊन पुरती पंचवीस वर्षेही झाली नव्हती, तोच निचरा नसलेल्या जमिनी चोपण होऊ लागल्या होत्या. मॅन निवृत्तीनंतर इंग्लंडात वोबर्न येथील प्रयोगक्षेत्रावर गेले. त्याच क्षेत्राची देखरेख त्यांच्यापूर्वी व्होल्करकडे होती, हा एक योगायोग. तेथे १८७६ पासून काही तुकड्यांना वर्षानुवर्षे केवळ अमोनियम सल्फेट दिले गेले. ती रेताड जमीन आंबट होत जाऊन शेवटी त्यात जव उगवेनासा झाला. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीस आंबटपणाचे भय नाही. आपले दुखणे उलट बाजूचे, क्षारांचे व सेंद्रिय अंश आटण्याचे. पण एकच पोते वर्षानुवर्षे ओतीत राहिल्यास जमीन आपला स्वभाव बदलते, एवढे त्या तुकड्यांनी दाखवून दिले आहे.

मग दौंडचा शेतकरी युरियाच का ओततो? किंमत पाहावी. गेली काही वर्षे सरकारने बांधून दिलेला युरियाचा भाव ४५ किलोस २६६ रुपये ५० पैसे. डीएपीचे ५० किलोचे पोते १३५० रुपये. एप्रिल २०१० पासून स्फुरद-पालाशयुक्त खतांना अन्नद्रव्यांच्या प्रमाणात अनुदान मिळू लागले, युरिया मात्र त्या व्यवस्थेबाहेर ठेवून त्याचा भाव नियंत्रितच राहिला. जे स्वस्त आहे आणि ज्याने ऊस आठ दिवसांत हिरवागार दिसतो, ते माणूस अधिक घेणारच. येथे उपदेश एका दिशेने ओढतो आणि सरकारी भाव दुसऱ्या दिशेने.

आणि उपदेश करावयाचा कोणी? १९५२ च्या समाजविकास योजनेपासून ग्रामसेवक आले, पुढे शेतकी खात्याचे गावपातळीवरील सहायक, प्रशिक्षण-भेट योजना, बारामती व नारायणगाव येथील कृषी विज्ञान केंद्रे. ह्या संस्थांनी पुष्कळ केले आहे. पाचट न जाळता उसाच्या सरीतच कुजवावे हा त्यांचा सल्ला दौंडसारख्या तालुक्यास सोन्याच्या मोलाचा आहे, कारण हेक्टरी आठ-दहा टन पाचट म्हणजे गेलेल्या सेंद्रिय अंशाची काही तरी भरपाईच. परंतु सहायकाकडे अनेक गावे आणि ढीगभर योजनांचे कागद. पान पिवळे पडले की शेतकरी बाजाराच्या गावी खतांच्या दुकानात जातो. तेथे औषध विकणाराच नाडी पाहतो. ह्या विक्रेत्यांना थोडे शास्त्र यावे म्हणून हैदराबादच्या मॅनेज संस्थेने २००३ पासून पदविका सुरू केली, ही गोष्ट शहाणपणाची झाली. तरी ज्याचा नफा विक्रीत आहे, त्याने ‘यंदा काही घालू नका’ असे सांगावे ही अपेक्षा जरा जास्तच होय. विद्यार्थ्यांच्या शिकवण्यांपासून रुग्णालयांपर्यंत आपण शहरवासीही हाच अनुभव घेतो, म्हणून ह्यात आश्चर्य वाटू नये.

२०१५ साली माती आरोग्य पत्रिकेची योजना निघाली. सामूपासून बोरॉनपर्यंत बारा गोष्टींची तपासणी होऊन पत्रिका शेतकऱ्याच्या हाती पडावयाची. कल्पना उत्तम. पण पहिल्या फेऱ्यांत मातीचा एक नमुना बागायतीत अडीच हेक्टरांमागे आणि जिरायतीत दहा हेक्टरांमागे घ्यावयाचा होता. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर. अल्पभूधारकांच्या गावात पंचवीस एकरांत किती खातेदार बसतात, आणि वरची बरड व ओढ्याकाठची काळी ह्यांत किती अंतर असते, हे ज्याने शेत पाहिले आहे त्यास सांगावयास नको. अनेक घरांची एकच कुंडली मांडल्यासारखे झाले. शेतकऱ्यांनी ती घडी घालून फडताळात ठेवली असेल, तर त्यांस दोष देता येत नाही.

आपल्या वाचकांच्या कित्येक घराण्यांची एके काळी ह्या तालुक्यांत वतने व जमिनी होत्या. १९४८ च्या कूळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने त्या कसणाऱ्यांकडे गेल्या, ते न्याय्यच झाले. पण जमिनीशी असलेला आपला संबंध त्या दिवशी तुटला असे समजण्याचे कारण नाही. सोनखताचा कारखाना गेला. त्यातील द्रव्य मात्र आपल्या घरांतून रोज वाहतेच आहे. ते आता मुळा-मुठेतून भीमेकडे, म्हणजे दौंडच्याच शेतांकडे, जाते. मुंढव्यास बांधलेल्या जॅकवेलमधून प्रक्रिया केलेले सांडपाणी उचलून जुन्या मुठा कालव्यात सोडण्याची व्यवस्था झाली आहे; त्यावर हवेली व दौंडमधील शेते भिजावयाची. ह्या पाण्यात नत्र असते, स्फुरद असते, क्षारही असतात. उसाच्या एकरास आठ पोती मोजताना हे पाण्यातून आलेले नत्र वजा कोणी करीत नाही. माती आरोग्य पत्रिकेच्या बारा रकान्यांत पाण्यासाठी रकाना नाही. आणि दुकानदारास तर तो विचारण्याचे प्रयोजनच नाही.