सावेडीकरांनो, नगरच्या फरारबाई माहीत आहेत का?

आपल्या सावेडीतली आठवी ते दहावीची मुलं हल्ली मोबाइलवर परदेशी शिक्षकांकडून इंग्रजी शिकतात. फार छान! पण परदेशी शिक्षिका नगरला नवीन नाहीत, हे त्यांना जरूर सांगा.

सिंथिया फरार मूळच्या अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरच्या. १८२७ मध्ये त्या मुंबईत आल्या, १८३९ मध्ये नगरला. लग्न न केलेली बाई समुद्र ओलांडून शिकवायला येते, हेच त्या काळी केवढं धाडस! इथे त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. १८४८ मध्ये पुण्यात शाळा काढण्याआधी जोतिराव फुल्यांनी नगरच्या या शाळा पाहिल्या होत्या. सावित्रीबाईंनीही फरारबाईंकडे अध्यापनाचं प्रशिक्षण घेतलं. १८५४ च्या ‘काव्यफुले’ या कवितासंग्रहात सावित्रीबाईंनी इंग्रजी शिका असं कळकळीने सांगितलं आहे. आणि गंमत बघा, त्याच सुमारास फरारबाईंच्याच मिशनच्या, बोस्टनहून आलेल्या वरिष्ठांनी शिक्षण लोकभाषेतूनच हवं म्हणत इंग्रजी शाळांना कात्री लावली! मला विचाराल तर दोन्ही भाषा हव्यात.

फरारबाई १८६२ मध्ये नगरमध्येच वारल्या.

आता मोबाइलवर इंग्रजी शिकणाऱ्या आपल्या मुलांसाठी एक सुचवतो: बीबीसी लर्निंग इंग्लिशचं ‘सिक्स मिनिट इंग्लिश’. फुकट आहे, खाली संवादही लिहिलेला असतो. आधी तो न बघता ऐका, कानाला लागेल तेवढं वहीत उतरवा, मग ताडून पाहा. निसटलेले शब्द बहुतेक अगदी छोटे असतात, ‘ऑफ’, ‘टू’, ‘हॅव’सारखे. तेवढेच पुन्हा ऐका, मोठ्याने म्हणा.