परभणीच्या आकाशातली वीस मीटर तार

परभणीकरांना अँटेना नवी नाही. आकाशवाणीच्या परभणी केंद्राचा १३०५ किलोहर्ट्झ हा आकडा ऐकत इथल्या कित्येक घरांतली पोरं मोठी झाली. हा आकडा लहरीच्या लांबीत मांडला तर सुमारे २३० मीटर होतात आणि त्याचा चौथा हिस्सा ५७ मीटर. मध्यम लहरींच्या केंद्रांना उंचच उंच मनोरे का उभारावे लागतात, ते या भागाकारात कळतं. लहर लांब तर अँटेना लांब, लहर आखूड तर अँटेना आखूड. परवाना घेऊन हौसेनं बिनतारी संदेशवहन करणाऱ्याचं, म्हणजे हॅमचं, गणितही हेच. फक्त त्याच्याकडे मनोरा नसतो. घराची गच्ची असते, जीपचा टप असतो आणि आपत्तीच्या वेळी बांधावरचं लिंबाचं झाड.

या छंदात येणारा नवा माणूस पहिल्यांदा विचारतो, संच कोणता घेऊ? माझ्या मते तो प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं ते असं : बोलायचं कोणाशी, आणि तो आहे किती लांब? याचं उत्तर ठरलं की अँटेना ठरते. भारी संचाला चुकीची अँटेना जोडली तर ते पैसे पाण्यात गेले म्हणून समजा.

मराठवाड्यापुरतं हे उत्तर शोधायचं तर ३० सप्टेंबर १९९३ कडे जावं लागतं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गावं झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळपास दहा हजार माणसं गेली. मोबाइल फोन अजून आलेला नव्हता. त्या मदतकार्यात हॅम मंडळी आपले संच घेऊन उतरली आणि निरोप पोचवू लागली. पुढे २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर कच्छमध्येही हॅमनी तेच काम केलं. डिसेंबर २००४ मध्ये दिल्लीच्या भारती प्रसाद हौशी रेडिओच्याच मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरमध्ये होत्या. त्सुनामी आली तेव्हा त्यांच्या केंद्रावरून अंदमानची खबर मुख्य भूमीपर्यंत गेली.

किल्लारी परभणीहून सरळ रेषेत सुमारे १३० किलोमीटर आहे. परभणीहून मुंबई सुमारे ४०० किलोमीटर, आणि किल्लारीहूनही जवळपास तितकीच. आपत्तीत मदत मागायची ती याच अंतरात : जिल्ह्याचं ठिकाण, संभाजीनगर, पुणे, मुंबई, हैदराबाद. अमेरिका-जपानशी बोलण्याची त्या वेळी गरज नसते. पण खरी अडचण नेमकी या मधल्या अंतराचीच आहे. हातातल्या व्हीएचएफ संचाला एवढा पल्ला झेपत नाही. दुसरीकडे, उंचावर बांधलेली लघुलहरींची अँटेना आपली बरीच ताकद क्षितिजाच्या दिशेनं फेकते. ती लहर वातावरणातल्या आयनांबर नावाच्या थरावरून परतून हजार-दोन हजार किलोमीटरवर उतरते, आणि मधला पट्टा कोरडा राहतो.

यावरचा उपाय स्वस्त आहे. तार खाली आणायची. ७.१ मेगाहर्ट्झसाठी अर्ध्या लहरीचा डायपोल सुमारे २० मीटरचा होतो : मधोमध केबल, दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर तांब्याची तार. हा डायपोल जमिनीपासून चार-पाच मीटरवर, दोन झाडांच्या किंवा बांबूंच्या मध्ये आडवा बांधला की लहर जवळजवळ सरळ वर जाते, सुमारे ३०० किलोमीटर उंचीवरच्या थरावरून परतते आणि तुषार सिंचनाच्या पाण्यासारखी चहूबाजूंनी तीन-चारशे किलोमीटरांत पडते. मध्ये बालाघाटचा डोंगर असो की नदीचं खोरं, फरक पडत नाही, कारण लहर वरून येते. दिवसा ७ मेगाहर्ट्झ उत्तम. रात्री आयनांबर विरळ झालं की ३.५ मेगाहर्ट्झवर उतरावं लागतं आणि तार दुप्पट लांब लागते. म्हणून आपत्तीच्या पिशवीत दोन्ही तारा मोजून, कापून, गुंडाळून ठेवाव्यात. सोबत नायलॉनची दोरी, केबल आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीला लागतील असे चिमटे. शंभर वॉटचा संच पूर्ण ताकदीनं बोलताना वीस अँपिअरच्या आसपास ओढतो. वीस वॉटवर भागवलं तर तीच बॅटरी कितीतरी जास्त टिकते, आणि अशा तारेला वीस वॉट बहुतेक वेळा पुरतात.

घरासाठी हिशेब वेगळा. व्हीएचएफच्या, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात लहर दोनच मीटरची, त्यामुळे पाव लहरीची काडी अर्ध्या मीटरहूनही थोडी आखूड. इथे मात्र उंचीच सगळं ठरवते. दोन्हीकडे दहा मीटर उंचीवर अँटेना असतील तर सपाट मुलखात साधारण पंचवीस किलोमीटरचा पल्ला धरावा. परभणीहून गंगाखेड, पाथरी आणि जिंतूर ही तिन्ही ठिकाणं त्याच्या पलीकडे पडतात. जिंतूरजवळच्या नेमगिरीसारख्या टेकडीवर एक माणूस संच घेऊन बसला तर दोन्हीकडचे निरोप पुढे देता येतात. वीस हजारांच्या नव्या संचापेक्षा गच्चीवरचा जीआय पाइप आणि चांगली केबल यांचा उपयोग जास्त. केबलच्या बाबतीत कंजुषी करू नये. बारीक आरजी-५८ केबल तीस मीटर ओढली तर या पट्ट्यात जवळजवळ तीन-चतुर्थांश ताकद केबलमध्येच जिरते. जाड आरजी-२१३ घेतली तर तेवढ्याच अंतरात अर्ध्याहून जास्त ताकद अँटेनापर्यंत पोचते.

गाडीचं थोडक्यात. लोखंडी टपाच्या मधोमध चुंबकावर उभी केलेली पाव लहरीची काडी सगळ्यात भरवशाची, कारण टपाचा पत्राच तिची जमीन होतो. गाडीत बसून हातसंचाच्या आखूड रबरी अँटेनावर बोलणं म्हणजे पत्र्याच्या डब्यातून बोलणं. ७ मेगाहर्ट्झच्या आखूड काड्या गाडीवर लावता येतात, पण बरीचशी ताकद त्यांच्या कॉइलच्या उष्णतेत आणि जमिनीत जाते. गाडी थांबवता येत असेल तर काडी विसरावी आणि झाडाला तार बांधावी.

आता आपल्या मातीबद्दल, कारण बाहेरच्या पुस्तकांत ती सापडत नाही. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. वरवर गाडलेला खांब दोन पावसाळ्यांत कलतो. त्यामुळे पाया खोल घ्यावा किंवा खांब घराच्या भिंतीला क्लॅम्पनं आवळावा. ओली काळी माती अर्थिंगला फार चांगली, पण मे महिन्यात तीच माती पाण्याविना अर्थिंगचा रोध वाढवते. नेमक्या त्याच दिवसांत, मृगाच्या आधी, विजा सर्वाधिक कडाडतात. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ भरून उन्हाळाभर पाणी घालत राहावं, आणि ढग दाटले की केबल संचापासून काढून घराबाहेर ठेवावी. वीज अंगावर आली तर कुठलाही अरेस्टर पूर्ण हमी देत नाही. आणि महावितरणच्या तारेजवळ तर अँटेना बांधूच नये. तार सुटून पडली तरी विजेच्या तारेला लागणार नाही एवढं अंतर आधी मोजावं.

आवाजाचाही त्रास आहे. स्वस्त एलईडी दिवे, सौर पंपांचे इन्व्हर्टर, ठिणग्या टाकणारे इन्सुलेटर या सगळ्यांची खरखर ७ मेगाहर्ट्झवर येते. गावात वीज गेली की हाच पट्टा एकदम स्वच्छ होतो, आणि मोठ्या आपत्तीत वीज जातेच.

परभणी जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. प्रत्येक तहसील कचेरीच्या आवारात दोन झाडं किंवा दोन खांब सापडतीलच. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात आणि जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत विज्ञान-तंत्रज्ञान शिकणारी मुलं आहेत. परवान्याची परीक्षा त्यांना जड नाही, पण परवाना हाती आल्याखेरीज संचाचं बटण दाबू नये, तो कायद्यानं गुन्हा आहे. परवानाधारक हॅमनी दरवर्षी मे महिन्यात एक दिवस नऊही ठिकाणी ही वीस मीटरची तार बांधून मुंबई-पुण्याशी बोलून पाहावं, रात्री चाळीस मीटरची बांधावी, आणि कुठून कोणत्या वेळी कोणत्या पट्ट्यावर आवाज पोचला याची वही ठेवावी. जायकवाडी धरणाचे दरवाजे उघडून गोदाकाठ पाण्यात गेला की सोनपेठ किंवा गंगाखेडच्या माणसाला त्या वहीतला वेळ आणि आकडा शोधावा लागू नये. तो त्याला पाठ असायला हवा.