आकाशाच्या छायाचित्राला दुर्बीण कोणती?

खगोलछायाचित्रणासाठी दुर्बीण निवडताना आधी नाभीय अंतर पाहावे लागते, कारण चित्रात किती आकाश मावेल हे त्यावर ठरते. देवयानी दीर्घिका सुमारे 3 अंश पसरलेली आहे, म्हणजे ओळीने ठेवलेल्या सहा पूर्णचंद्रांएवढी. 23.5 मिलिमीटर रुंद सेन्सर असला, तर 400 मिलिमीटर नाभीय अंतराची लहान भिंगाची दुर्बीण ती सगळी टिपते. 1000 मिलिमीटरला तिचा जेमतेम 1.3 अंश रुंद तुकडा येतो. गुरूचे बिंब मात्र मोठ्यात मोठे झाले तरी 50 विकलांच्या (आर्कसेकंदांच्या) आसपासच असते. त्यासाठी लांब नाभीय अंतर आखूड नळीत बसवणारी कॅसेग्रेन रचना सोयीची.

साध्या भिंगात तेजस्वी ताऱ्यांभोवती जांभळट कड येते. ती घालवणारी एपोक्रोमॅट भिंगे महाग असतात. आरशाला हा रंगदोष नसतो, म्हणून तेवढ्याच पैशात न्यूटनची परावर्ती दुर्बीण अधिक प्रकाश गोळा करते. पण तिच्यात चित्राच्या कडेचे तारे शेपटीसारखे ओढले जातात, आरशांची जुळणी वरचेवर करावी लागते आणि कित्येक नळ्यांत कॅमेऱ्याचा फोकसच लागत नाही. हे विकत घेण्याआधी तपासावे.

महाराष्ट्रात परावर्ती दुर्बिणीचा मार्ग जुना आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये 1888 साली खगोलशास्त्रज्ञ कावसजी नायगमवालांनी महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभारली. तिची मुख्य दुर्बीण डब्लिनच्या ग्रब या दुर्बीण-निर्मात्यांची, परावर्ती होती. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये हौशी खगोलछायाचित्रकार आयझॅक रॉबर्ट्स यांनी ग्रबच्याच परावर्ती दुर्बिणीने देवयानीचे गाजलेले छायाचित्र घेतले. 1912 मध्ये पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि उपकरणे कोडाईकनालला गेली.

नळीपेक्षाही जास्त खर्च ती पेलून आकाशाबरोबर फिरवणाऱ्या आसनावर (माउंटवर) करावा. पृथ्वीच्या फिरण्याने आकाश सेकंदाला 15 विकला सरकते; 1000 मिलिमीटर नाभीय अंतर आणि 3.76 मायक्रॉनचा पिक्सेल असेल, तर खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा सेकंदात सुमारे 19 पिक्सेल पळतो. डळमळत्या आसनावर उत्तम भिंगही वाया जाते.

वाशिम जिल्ह्यातल्या अनसिंगसारख्या गावी जागेचा आणि ऋतूचाही हिशेब करावा लागतो. पावसाळ्याचे चार महिने जवळपास बाद. हिवाळ्यात दव पडते: नळीच्या तळाशी असलेला न्यूटनचा आरसा बराच काळ कोरडा राहतो, भिंगाच्या दुर्बिणीचे पुढचे भिंग मात्र लवकर ओले होते आणि त्याला ऊब देणारा पट्टा लागतो. उन्हाळ्यात दिवसभर तापलेला मोठा आरसा रात्री सावकाश निवतो, तोवर प्रतिमा थरथरत राहते. लहान भिंगाची दुर्बीण लवकर कामाला लागते. येथे ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे 20 अंशांवर असतो. उत्तरेला कडुनिंब किंवा घर आडवे आले, तर आसनाचा अक्ष ध्रुवाकडे लावणे अवघड होते. काही आसने इतकी खाली झुकतच नाहीत, तेव्हा त्यांच्या अक्षांशपट्टीवरचा किमान आकडा आसन घेण्यापूर्वी वाचावा. याच अक्षांशामुळे ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ दक्षिणेला सुमारे 22 अंश वर येतो आणि वैशाखातल्या रात्री 400 मिलिमीटरच्या दुर्बिणीतही छान टिपता येतो.