इमोजी : पडद्यावरचे हावभाव

समोरासमोर बोलताना शब्दांच्या जोडीला आवाजाचा चढउतार, डोळे आणि हात असतात. पडद्यावर उरतात ती नुसती अक्षरे. त्यामुळे गंमत टोमणा वाटते आणि साधे ‘बरं’सुद्धा रागाचे भासते. या अडचणीवर अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाचे संगणकतज्ज्ञ स्कॉट फालमन यांनी १९ सप्टेंबर १९८२ रोजी उपाय सुचवला. अपूर्णविराम, संयोगचिन्ह आणि कंस जोडून त्यांनी आडवा हसरा चेहरा तयार केला, म्हणजे थट्टा थट्टाच म्हणून ओळखली जावी.

चित्ररूप इमोजी जपानमध्ये रुजले. १९९९ मध्ये शिगेताका कुरिता यांनी एनटीटी डोकोमो कंपनीच्या मोबाइल सेवेसाठी १७६ चित्रे आखली. प्रत्येक चित्र उभे-आडवे बारा-बारा ठिपक्यांचे होते. जपानीत ‘ए’ म्हणजे चित्र आणि ‘मोजी’ म्हणजे अक्षर. इंग्रजी ‘इमोशन’शी या शब्दाचे नाते नाही. २०१० मध्ये युनिकोडने इमोजींना प्रमाणित संकेतांक दिले आणि एका कंपनीच्या फोनवरून पाठवलेले चिन्ह दुसऱ्या कंपनीच्या फोनवरही उमटू लागले. २०१५ मध्ये ऑक्सफर्ड शब्दकोशाने आनंदाश्रू ढाळणाऱ्या चेहऱ्याला वर्षाचा शब्द ठरवले.

संकेतांक एकच असला तरी चित्र प्रत्येक कंपनी आपापले काढते आणि अर्थ वापरणारे ठरवतात. जोडलेले हात मराठी माणसाला नमस्कार वाटतात. जपानमध्ये ते विनंतीचे आणि आभाराचे. कवटी पाहून वडीलधारे दचकतात. विद्यार्थ्यांच्या गप्पांत तिचा अर्थ ‘हसून मेलो’ असा असतो. म्हणून चिन्ह पाठवण्यापूर्वी ते कोण वाचणार आहे, याचा विचार करावा. आणि दुःखाच्या प्रसंगी मात्र दोन शब्द लिहावेत, शक्य तर फोनच करावा.