विहिरीतला दम, समुद्रातली भिंत आणि परतीचा घाट

वाशिम शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीच्या पठारावर वसलेले असून, या जिल्ह्यात पाण्याखाली जाण्याची ओळख पिढ्यान्‌पिढ्या झाली ती विहिरीत: पाठीला सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून पोहायला शिकायचे, मग काठावरून सूर मारायचा, आणि छातीत दम भरून तळाचा गाळ मुठीत वर आणला की पोहणारा पक्का झाला असे मानायचे. मालवण-तारकर्लीच्या सहलींमुळे स्कूबा डायव्हिंग, म्हणजे पाठीवरच्या सिलिंडरमधील हवेवर श्वास घेत पाण्याखाली वावरणे, हा प्रकार आता येथेही परिचयाचा झाला आहे. परंतु त्याविषयीचे बरेच गैरसमज समुद्राला विहिरीच्या मापाने मोजण्यातून आलेले आहेत, आणि त्यांतील काही थेट जिवावर बेतणारे आहेत.

त्यांपैकी सर्वांत घातक समज असा की, ज्याचा दम मोठा तो चांगला डायव्हर. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. समुद्रात दर १० मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढत जातो, त्यामुळे १० मीटरवर एकूण दाब पृष्ठभागाच्या दुप्पट आणि ३० मीटरवर चौपट होतो. दाब दुप्पट झाला की हवेचे आकारमान निम्मे होते, हा रॉबर्ट बॉइल यांचा नियम १६६२ पासून ज्ञात आहे. विहिरीत उतरणाऱ्याने काठावर ५ लिटर हवा छातीत भरून घेतली, तर १० मीटरवर ती अडीच लिटर होते आणि वर येताच पुन्हा ५ लिटर होते; हिशेब जुळतो. स्कूबा करणारा मात्र १० मीटर खोलीवरच सिलिंडरमधून छातीभर ५ लिटर हवा घेतो, आणि तो दम रोखून वर आला तर त्याच हवेला पृष्ठभागाजवळ १० लिटर जागा लागते, जी छातीत नसते. अशा वेळी फुप्फुसांच्या सूक्ष्म वायुकोशांचे पडदे फाटतात, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि मेंदूपर्यंत पोचू शकतात. त्यासाठी फार खोल जावे लागते असेही नाही, दीड-दोन मीटर पाणीसुद्धा पुरते. श्वास कधीही रोखायचा नाही हा स्कूबाचा पहिला नियम यातून आला असून, विहिरीत घोटून पक्की झालेली सवय येथे प्रयत्नपूर्वक मोडावी लागते.

सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो, हा समजही तितकाच रूढ आहे. प्रत्यक्षात त्यात सामान्यतः गाळलेली, दाबाखाली भरलेली साधी हवाच असते, जिच्यात सुमारे २१ टक्के ऑक्सिजन आणि ७८ टक्के नायट्रोजन असतो. शुद्ध ऑक्सिजन सुमारे ६ मीटरपलीकडे झटके आणू शकतो, आणि पाण्याखाली झटका येणे म्हणजे बहुधा बुडणेच होय. झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये विकसित केलेल्या रेग्युलेटरमुळे, म्हणजे सभोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाने हवा पुरवणाऱ्या झडपेमुळे, खोलीवरही श्वास सहज घेता येतो. मात्र तेथे प्रत्येक श्वास अधिक दाट असल्याने पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा वापरणारा माणूस १० मीटरवर ४० आणि ३० मीटरवर ८० लिटर इतकी हवा संपवतो. सिलिंडर अमुक इतकी मिनिटे चालतो, असे सरसकट सांगणे म्हणूनच चुकीचे ठरते.

आता भिंतीविषयी. उथळ समुद्रतळ एकाएकी संपून जेथे जवळजवळ उभा कडा खाली उतरत जातो, त्या जागेला डायव्हर मंडळी भिंत म्हणतात. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र उथळ, खडकाळ आणि प्रवाळांचा आहे, तेथे अशी भिंत नाही; ती लक्षद्वीपच्या कंकणद्वीपांच्या बाहेरच्या कडेला किंवा अंदमानात स्वराज द्वीपाजवळ पाहावयास मिळते. महाराष्ट्रासमोर, विजयदुर्गापासून सुमारे १०५ किलोमीटरवर, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाणारे आंग्रिया बँक हे बुडालेले प्रवाळी पठार आहे, ज्याचा माथा पृष्ठभागापासून सुमारे २० मीटर खाली असून कडा तीव्र उताराच्या आहेत. भिंतीवर जाणे म्हणजे तिच्या पायथ्याशी उतरणे, असे पुष्कळांना वाटते. खरे तर डायव्हर ठरवलेल्या खोलीवरून, कड्याला समांतर, आडवा जातो, आणि प्रकाश पोचत असल्याने जीवसृष्टीही वरच्याच भागात अधिक समृद्ध असते. धोका आहे तो वेगळाच: पायाखाली तळ नसल्याने आपण खाली सरकत आहोत हे डोळ्यांना कळत नाही. खाली जाताना तरंगण्यासाठी घातलेल्या जॅकेटमधील हवा आक्रसते, त्यामुळे शरीर अधिक जड होऊन आणखी वेगाने खाली जाते. लाल रंग पाण्यात सर्वांत आधी शोषला जातो, त्यामुळे मनगटावरचा लाल धागा थोड्याच मीटरांवर मळकट तपकिरी दिसू लागतो आणि पुढे भोवती निळ्याशिवाय काहीच उरत नाही. साधारण ३० मीटरपासून दाबाखालच्या नायट्रोजनमुळे नशेसारखी गुंगी येऊ लागते, जिच्यात माणसाला भय वाटेनासे होते. म्हणूनच प्राथमिक प्रमाणपत्रधारकाला १८ मीटरची आणि हौशी डायव्हिंगला ४० मीटरची मर्यादा घातलेली आहे, आणि भिंतीवर मनगटावरील खोलीमापकाकडे वारंवार पाहणे अपरिहार्य ठरते.

पोहता न येणाऱ्यास स्कूबा अशक्य आहे, हे खरे नाही. प्रशिक्षकाने हात धरून नेलेल्या पहिल्या अनुभवासाठी पोहणे लागत नाही, प्रमाणपत्रासाठी मात्र लागते. सर्दी असताना पाण्यात उतरणे टाळावे, कारण कानाच्या पडद्यामागील दाब समतोल होत नाही. शार्कची भीती तर वास्तवापेक्षा चित्रपटांनी अधिक वाढवलेली आहे.

वाशिमच्या वाचकासाठी सर्वांत महत्त्वाचा गैरसमज शेवटी घेतला आहे: पाण्याबाहेर आले की डायव्ह संपली. दाबाखाली असताना रक्तात आणि ऊतींमध्ये जास्तीचा नायट्रोजन विरघळतो आणि तो बाहेर पडायला अनेक तास लागतात. दाब झपाट्याने कमी झाल्यास सोड्याची बाटली उघडल्याप्रमाणे त्याचे बुडबुडे होतात, ज्यातून सांधेदुखी, बधिरपणा, चक्कर, क्वचित अर्धांगही उद्भवते. जॉन हॉल्डेन यांनी १९०८ मध्ये टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके प्रसिद्ध केली ती याच कारणाने. उंचीवर हवेचा दाब कमी असतो, म्हणून डायव्हर्स अलर्ट नेटवर्कच्या मार्गदर्शनानुसार एका साध्या डायव्हनंतर किमान १२ तास आणि एकाहून अधिक डायव्ह झाल्यास किमान १८ तास विमानप्रवास टाळावा लागतो, आणि हे प्रमाण सुमारे ६०० मीटरपासूनच्या उंचीसाठी धरलेले आहे. मालवणहून घाट चढून परतताना लागणारी आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे. मालवणहून निघालेली गाडी काही तासांतच घाट चढून या उंचीवर पोचते, हे विमानात न बसणाऱ्याच्या लक्षात येत नाही. किल्ल्याजवळ पाच-सहा मीटरवर पंधरा-वीस मिनिटे घेतलेल्या अनुभवात हा धोका अत्यल्प असतो. परंतु ज्यांनी खोल किंवा लागोपाठ डायव्ह केल्या असतील, त्यांनी ती रात्र किनाऱ्यावरच काढावी आणि घाट दुसऱ्या दिवशी चढावा. घरी पोचल्यावर सांधे ठणकू लागले किंवा हातापायांना मुंग्या आल्या, तर तो प्रवासाचा शीण समजून अंगावर काढू नये, आणि आपण समुद्रात किती खोल व केव्हा उतरलो होतो हे डॉक्टरांना सर्वांत आधी सांगावे.