गाडीवरून पडलेल्याला पुन्हा धीर कसा यावा?



ऊस विकास विभागाचे पान म्हटले की बेणे, खत, पाणी आणि हुमणी यांविषयीच काही असणार, ही आपली अपेक्षा रास्त आहे. या वेळी मात्र आम्ही मोटारसायकलीविषयी लिहिणार आहोत. आज आपल्या कार्यक्षेत्रात शेताकडे जाणारा माणूस बहुधा गाडीवरूनच जातो. पाण्याची पाळी, डेअरीचे दूध, सोसायटीचे खत, तोडणीवाल्यांच्या मागे हेलपाटे, सगळे तिच्यावर. ज्याला गाडी येत नाही त्याची शेती दुसऱ्याच्या सवडीने चालते. आणि शिकताना एकदा पडून ज्याने गाडीचा नादच सोडला, अशी माणसे आमच्या शेतकी खात्याच्या मंडळींना गावोगाव भेटतात. खरे कारण कोणी सांगत नाही. "गुडघा दुखतो", "पोरगा सोडतोय की", असे काहीबाही सांगून वेळ मारून नेतात.

गळीत हंगामात पडायला निमित्तही फार लागत नाही. ट्रॉलीतून पडलेल्या कांड्या, वाढ्यांचे झुबके, फडातून निघालेल्या ट्रॅक्टरने डांबरावर आणलेला चिखल. जुन्या चालवणाऱ्याला हे लांबून दिसते, नव्याला त्यावर चाक गेल्यावर कळते.

एका गटातील सभासद भगिनीची हकिगत त्यांना विचारून येथे देत आहोत. नाव देत नाही. यजमान वारल्यावर शेअर त्यांच्या नावावर झाला, अडीच एकर रान त्यांच्याकडे आले आणि घरात यजमानांची शंभर सी.सी.ची मोटारसायकल उभी राहिली. रान घरापासून चार किलोमीटर, कॅनॉलच्या पलीकडे. "स्कूटी घ्या" म्हणणारे पुष्कळ भेटले, पैसे देणारा कोणी भेटला नाही. म्हणून बाईंनी लर्निंग लायसन्स काढले आणि हीच गाडी शिकायला घेतली. आठ-दहा दिवस बरे गेले. मग एक दिवस कॅनॉलच्या पुलाच्या चढावर, कच्च्या रस्त्यावरून डांबरीवर येताना गाडीने झेप घेतली, हँडल वळले आणि बाई कडेच्या पाचटात. मनगट मुरगळले, सायलेन्सरने पोटरी भाजली. गाडीला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही.

भाजलेले भरून आले. गाडीला मात्र त्यांनी दीड महिना हात लावला नाही. आडसाली लागण होती, बाळबांधणी तोंडावर आलेली. पाण्याच्या पाळीला दिराच्या गाडीवर जायचे आणि दीर म्हणतील तेव्हा परत यायचे. दीर माणूस वाईट नाही, पण "वहिनी, कशाला हाल करून घेता, रान मी वाट्यानं करतो की," असे दोनदा बोलून गेले. आमचे कर्मचारी उसाची नोंद घ्यायला गेले तेव्हा बाई म्हणाल्या, "पुढच्या सालाला नोंद कुणाच्या नावानं लागंल काय सांगता येत नाही." हे आमच्या कानावर आले आणि आम्ही एक दिवस मुद्दाम त्या वस्तीवर गेलो.

तोवर त्यांना दोन प्रकारचे सल्ले मिळून चुकले होते. एक, "पडल्याशिवाय गाडी येतच नाही, बसा लगेच." दुसरा, "बायामाणसांचं काम नव्हे ते." यात बाई पडल्या कशाने, हे कोणीच विचारले नव्हते. आम्ही विचारले, "वहिनी, नक्की काय झालं?" त्या म्हणाल्या, "साहेब, गाडीनंच ऐकलं नाही. मी थांबवतीय आणि ती पळतीय."

नवशिके अशाच शब्दांत सांगतात आणि ते खोटे बोलत नसतात. चढावर गाडी बंद पडेल म्हणून रेस जरा जास्त दिली जाते आणि क्लच एकदम सुटतो. गाडी पुढे जाते, अंग मागे राहते. अंग मागे गेले की माणूस हँडलला लोंबकळतो, मनगट खाली येते. उजव्या मुठीत तर रेस; ती आपोआप आणखी पिळली जाते. घाबरून मूठ आवळावी तर रेस सुटत नाही, आणि पुढच्या ब्रेकवर जायची बोटेही त्याच मुठीत अडकलेली. आपण थांब म्हणतोय असे माणसाला वाटत असते, हात मात्र गाडीला पळ म्हणून सांगत असतो. सुटका डाव्या हातात आहे. क्लच पूर्ण आत ओढला की इंजिन कितीही बोंबलू दे, चाकाला जोर मिळत नाही.

बाईंनी हे ऐकले आणि त्या जरा चिडल्याच. "मग हे आधी कुणी का नाही सांगितलं?" चिडल्या ते बरेच झाले. तोवर दोष अंगाचा की गाडीचा की नशिबाचा, हेच कळत नव्हते.

आमचे म्हणणे एवढेच की धीर देऊन धीर येत नाही. कशाने पडलो ते नेमके कळावे लागते, आणि त्या वेळी हाताने जे करायला हवे होते ते सावकाश, पुन्हा पुन्हा करून हातात बसवावे लागते. पिवळा पडलेला ऊस पाहून आपण लगेच खत टाकत नाही. पाणी साचले की मूळ कुजले की हुमणी लागली, ते आधी खणून बघतो. येथेही तसेच.

सगळेच काही रेसने पडत नाहीत. पुष्कळजण पुढच्या ब्रेकने पडतात. मुरुमावर, पाचटावर किंवा चिखलावर, त्यातून हँडल वळलेले असताना, पुढचा ब्रेक कचकन दाबला की पुढचे चाक जाम होते आणि गाडी आडवी. अशी पडलेली माणसे पुढे जन्मभर पुढचा ब्रेक वापरत नाहीत, हे आम्ही पाहिले आहे. ही दुसऱ्या अपघाताची तयारी होय. ब्रेक लावला की सगळा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून कोरड्या डांबरावर थांबवण्याची खरी ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते. नुसत्या मागच्यावर गाडी लांबवर जाते. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते, म्हणजे ब्रेक दाबायचे सुचेपर्यंतच तेवढे अंतर गेलेले असते. वेग दुप्पट झाला तर ब्रेक लावल्यानंतरचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट लागते. पुढे दिवा नसलेली ट्रॉली उभी असेल तर हा हिशेब फार महागात पडतो. तेव्हा पुढचा ब्रेक सोडू नये, दाबायची रीत बदलावी. हँडल सरळ, दोन्ही ब्रेक बरोबर, आणि पुढचा धार काढताना सड दाबावा तसा, हळूहळू जोर वाढवत. १ एप्रिल २०१९ पासून नव्या दुचाकींना १२५ सी.सी.पर्यंत सी.बी.एस. किंवा ए.बी.एस. आणि त्यावर ए.बी.एस. सक्तीचे झाले आहे. परंतु शिकायला घरातली जुनीच गाडी दिली जाते, हेही आपण जाणतो.

काहीजण वळणावर पडतात. समोरून उसाची ट्रॉली आली की नव्याची नजर तिच्यावर खिळते, आणि जिकडे नजर तिकडे गाडी. चारीकडे बघत राहिले तर चारीतच जाते. हे आपल्याला नवे नाही. सरी सोडताना चाकाकडे बघत बसले तर सरी वाकडी जाते. नजर पलीकडच्या बांधावरच्या खुणेवर ठेवावी लागते. वळणावरही तसेच करावे, वळण जेथे संपते तेथे बघावे.

उभ्या गाडीवरून पडणाऱ्यांना लोक फार हसतात. पाय खड्ड्यात गेला, गाडी एका बाजूला कलली. शंभर-सव्वाशे किलोचे धूड एकदा कलल्यावर पैलवानालाही सावरत नाही. थांबायची जागा आधी बघून ठेवावी, त्यात ताकदीचा प्रश्न नाही. आणि घरात जुनी बुलेट असेल तर आणखी एक गोष्ट. तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. दुसऱ्या गाडीवर शिकलेला मुलगा हिच्यावर बसला की अडचणीच्या वेळी ब्रेक म्हणून गिअरच दाबतो. नवशिक्याला दोन्ही गाड्या एकदम देऊ नयेत.

पडलेल्या गाडीवर पुन्हा बसण्यापूर्वी ती मिस्त्रीला दाखवावी. हँडल किंवा फोर्क किंचित वाकला असेल तर गाडी एका बाजूला ओढते, आणि नवशिक्या समजतो आपल्यालाच येत नाही. डोक्याला मार लागला असेल, नंतर डोके दुखत असेल, उलटी किंवा गुंगी येत असेल, तर वरून बरे दिसले तरी डॉक्टरकडे जावे. मनगट धड होईपर्यंत तर गाडीचे नावच नको.

आता सराव. बाईंच्या शेजारचे एक वयस्क सभासद, ज्यांनी आयुष्यात मोटारसायकल चालवली नाही, ते आम्हांला म्हणाले, "साहेब, पुलावर बुजलेला बैल आम्ही मारून कधी पुढं नेला नाही. जू उतरायचं, कासरा हातात धरायचा आणि मोकळा पुलावरनं दोन-चार वेळा फिरवायचा. मग गाडीला जुपायचा." आम्हांला याहून चांगले सांगता आले नसते.

बाईंचे भाऊ दोन-तीन रविवार आले आणि गावच्या गायरानावर त्याप्रमाणेच झाले. पहिल्या दिवशी गाडी चालू केलीच नाही. ढकलत न्यायची, ब्रेकने थांबवायची, उतरायचे, स्टँडला लावायची. तिचे वजन हाताला कळले. मग चालू करून, रेस अजिबात न देता, क्लच थोडा थोडा सोडत गाडी जेथे ओढायला लागते ती जागा शोधायची. दोन हात पुढे गेली की क्लच पुन्हा आत. असे पन्नास-साठ वेळा. "दादा, कंटाळा आला," असे त्या म्हणाल्या तेव्हा भावाने ओळखले की भीती कमी झाली. मनगट मुठीच्या खाली उतरू द्यायचे नाही, कोपर ताठ नको, गुडघ्यांनी टाकी धरायची. मग फक्कीची रेघ मारून तिच्यावर थांबणे, मग दोन दगडांभोवती आठचा आकडा. दर खेपेला अर्धा तास, जास्त नाही. दमलेला हात पुन्हा मूठ आवळतो.

पुलाच्या चढावर त्या आधी पायी जाऊन आल्या. खडी कोठे आहे, डांबराची कड किती उंच आहे, ते पाहिले. मग सकाळी रहदारी नसताना मागचा ब्रेक दाबून चढावर थांबायचे आणि क्लच ओढू लागला की ब्रेक सोडायचा, हे वीसेक वेळा. एकदा गाडी बंद पडली, एकदा झेप घेणार तोच क्लच आत गेला. "हात आपोआप गेला," असे त्या सांगत होत्या.

मोठ्या बांधणीला त्या स्वतःच्या गाडीवर रानात होत्या. पंजाबी ड्रेस, ओढणी घरी ठेवलेली. पदर, ओढणी आणि आमच्या पुरुष मंडळींच्या गळ्यातले टॉवेल चाकात जातात, हे येथे सांगून ठेवतो. रात्रीच्या पाळीला मात्र त्या अजून गाडी नेत नाहीत, दिराबरोबरच जातात. आम्हीही आग्रह केला नाही. अंधार, मागे बसवलेला माणूस आणि ओझे या सगळ्या शेवटच्या गोष्टी. युरियाची ४५ किलोची गोणी टाकीवर आडवी घेतली की हँडल पुरते वळत नाही; सराव झालेल्यानेही ते करू नये.

कायद्याचे थोडक्यात. लर्निंग लायसन्सची मुदत सहा महिन्यांची असते आणि पक्क्या लायसन्सची परीक्षा तीस दिवसांनंतर देता येते. पडल्यावर घरी बसण्यात ही मुदत निघून जाते, ती बघावी. गिअरची गाडी अठरा वर्षांखालच्या मुलाला देऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. हेल्मेट आय.एस.आय. मार्कचे असावे, आणि त्याचा पट्टा लावावा. नुसते डोक्यावर ठेवलेले हेल्मेट पडताना आधी निघून जाते.

गळीत बंद झाल्यावर कारखान्याचा गाडीतळ मोकळा असतो. ज्या सभासदांना अगर त्यांच्या घरच्यांना सरावासाठी जागा हवी असेल त्यांनी आपल्या गटऑफिसात नाव द्यावे. रविवारी सकाळी सात ते नऊ. लायसन्स, हेल्मेट आणि सोबत एक जाणता माणूस आणावा. हसणारी मंडळी आणू नयेत.